तिच्या उत्तराची जागा

“सोडू?” इरफाननं विचारलं.

“थांब जरा. सिग्नल परत एकदा बघते.”

“दहा वेळा बघितलास, हर्षदा. पाखरू माझ्या मुठीत घामाघूम झालंय.”

“पाखरांना घाम येत नसतो, डॉक्टरसाहेब.”

“मग मला येतोय. सोडू का नको, बोल एकदाचं!”

मी मान हलवली आणि इरफाननं मूठ उघडली. निळा भुर्रकन उडाला, पिंजऱ्यातल्या सगळ्यात उंच काठीवर जाऊन बसला, त्यानं अंग झाडलं, आणि त्याच्या डोक्यातली गडबड माझ्या स्क्रीनवर हिरवी रेघ होऊन नाचायला लागली. मध्ये तार नाही, दोरा नाही, काही नाही. मी खुर्चीवरून उठून चक्क फुगडी घातल्यासारखी गरकन फिरले. काळसेकर मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या वर्षातून फार तर दोनदा हसायच्या, पण त्यातलं एक हसू त्यांनी त्या दिवशी तिथंच खर्च केलं.

ही गोष्ट पुण्याची, आणि तिला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी शिकलेली इलेक्ट्रॉनिक्स. पक्ष्याच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवायचं काम इरफान मुजावरचं, त्या मेंदूत काय चाललंय याचा अर्थ लावायचं काम मॅडमचं. माझं काम एवढंच, की तिथली कुजबुज वायरशिवाय माझ्यापर्यंत पोचवायची. म्हणजे चिंचोक्याएवढ्या डबीत एक चिप, एक बॅटरी आणि एक एरियल कोंबायची, आणि तेही असं की पंधरा ग्रॅमच्या पाखराची मान मोडू नये. चार वर्षं त्यात गेली. तरी आमच्या मिरजेत सगळ्यांना खात्री होती, की मगदूम मास्तरांची पोरगी मेंदूची डॉक्टर झालीय. लग्नाकार्यात बायका बाजूला घेऊन अर्धशिशीवर औषध विचारायच्या. मी सांगायची, “अहो काकू, मी एरियलवाली आहे.” त्यांना वाटायचं मी विनय दाखवतेय.

निळा म्हणजे झेब्रा फिंच. चिमणीहून लहान, लाल चोच, गालावर नारिंगी ठिपका. प्रयोगातल्या पक्ष्यांना नावं द्यायची नाहीत असा मॅडमचा कडक नियम होता, जीव गुंततो म्हणून. पायातल्या रिंगेच्या रंगावरून ओळखायचं. हा निळा, आणि त्याची जोडीण पिवळी. आता सांगा, जीव गुंतायचा राहतो का असल्या नियमानं?

आधी निळ्याच्या डोक्यातून एक वायर निघून छताला जायची. तो उडायचा, पण गाईला दावं असतं तसा, तेवढ्याच घेरात. एकदा आई पुण्याला आली होती, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. ती काचेपाशी बराच वेळ उभी राहिली. आम्ही जैन. मुंगीवर पाय पडला तर आई चुकचुकणारी.

“दुखतं का गं त्याला?” तिनं विचारलं.

“नाही गं आई, काही दुखत नाही,” मी म्हणाले. मला पुढची यंत्रं दाखवायची घाई होती.

“तारेला बांधून ठेवलंय आणि वर गा म्हणताय व्हय त्याला?” आई म्हणाली. “मी नसते गायले बाई.”

माझ्या चार वर्षांच्या खटाटोपाचं कारण विचाराल तर मी भाषणात हजार शास्त्रीय गोष्टी सांगते. खरं कारण आईचं ते वाक्य. आणि निळ्याची तार सुटली त्या दिवशी आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

तरी सवयीनं माझा हात फोनकडे गेला. मिरजेचा घरचा नंबर लावला. आप्पांनी उचलला.

“आप्पा, झालं! तारेशिवाय उडालं पाखरू!”

“अरे वा! शाब्बास गं हर्षे!” आप्पा ओरडले. आणि मग फोन तोंडापासून थोडा लांब धरून, आतल्या खोलीकडे बोलल्यासारखं म्हणाले, “अगं ऐकलंस का? हर्षीचं पाखरू तारेतून सुटलं.”

मी गप्प. आप्पाही गप्प. फोनमध्ये फक्त आमच्या घराच्या पंख्याची कुरकुर. एवढा वेळ, की एखादं माणूस हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येईल, दाराला टेकेल आणि काहीतरी बोलेल. मग आप्पा खुशीत हसले आणि मला म्हणाले, “बरं, जेवून घे वेळेवर.”

घरात आप्पा ‘अगं’ म्हणायचे ते फक्त आईला.

दोन दिवसांनी सुहासदादाचा फोन. दादा सांगलीला बँकेत होता, आणि आई गेल्यापासून एक दिवसाआड मिरजेला चक्कर मारायचा. माझ्यासारखं पुण्यात बसून फोनवर प्रेम करणारा नव्हता तो.

“हर्षा, मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आप्पा आईशी बोलतात.”

“मी ऐकलं परवा.”

“ऐकलंस ना? आता बघायचं काय असतं ते सांगतो. मंडईत भाजीवालीसमोर उभे राहतात. ‘दोडका घेऊ का घेवडा?’ म्हणतात आणि थांबतात. थांबतात म्हणजे थांबतातच. मागं माणसं खोळंबलेली. पोरंटोरं हसतात. काल दूध तापायला ठेवलं, ‘साखर किती घालू गं’ म्हणाले आणि चमचा हातात घेऊन उभे. दूध उतू जाऊन गॅस विझलेला, वास सुटलेला! शेजारचे चौगुले आले म्हणून बरं, नाहीतर…”

“वहिनी काय म्हणतात?”

“तिनं चांगल्या मनानंच केलं गं. मागच्या आठवड्यात आप्पांनी विचारलं, ‘भाकरी घेऊ का अजून एक?’ आणि थांबले. तर ती म्हणाली, ‘घ्या की, पोट भरून घ्या.’ आईसारखंच, लाडानं. तर ताटावरून उठले. ‘तुला विचारलं का मी?’ एवढंच. पुढं दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.”



“सांगलीत एका डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय,” दादा म्हणाला. “भले माणूस आहेत. म्हणाले, घरच्यांना धोका वाटत असेल तर गोळ्या सुरू करू, शांत राहतील, बोलणं कमी होईल. रविवारी संध्याकाळी घेऊन या म्हणालेत. पण मी एकट्यानं नाही ठरवणार. तू मेंदूवाली आहेस. तू सांग, गोळ्या द्यायच्या का नाही.”

“दादा, मी एरियलवाली…”

“ते मला नको सांगू. आपल्या घरात मेंदू बघितलेलं माणूस तू एकटीच. तू हो म्हण, मी देतो. नको म्हण, नाही देत. पण उद्या गॅसचा भडका उडाला तर मग मात्र…” त्यानं वाक्य सोडून दिलं.

“रविवारी येते मी,” मी म्हणाले. “बहुतेक द्यायलाच लागतील.”

तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. आई गेली ती गेली. मी नाही का रोज स्वतःला दटावत होते, फोनपर्यंत गेलेला हात मागं घेत होते?

त्याच आठवड्यात आमच्याकडे दुसरीच भानगड झाली.

झेब्रा फिंचची जोडी दिवसभर एकमेकांना बारीक आवाजात हाका मारत असते. गाणं वेगळं, ही नुसती हाक. निळा म्हणणार ‘टेट’. क्षणभरानं पिवळी म्हणणार ‘टेट’. दाणे टिपताना, पाठ फिरवून बसलेले असताना, दिसत नसताना तर जास्तच. त्यात सांगण्यासारखं काही नसतं. आहेस का, आहे. आहेस का, आहे. झालं. निळ्याच्या मेंदूतली एक पेशी पिवळीचं उत्तर आलं की हटकून तडतडायची. आमच्याकडे ते स्पीकरवर ऐकू यायचं, फुटाणे भाजल्यासारखं. मॅडमनी ठरवलं, की आता पिवळीला काढून दुसऱ्या मजल्यावर ठेवायची आणि एकट्या निळ्याच्या डोक्यात काय होतं ते दोन आठवडे बघायचं. शास्त्राच्या हिशेबानं बरोबरच होतं.

पहिला दिवस निळा सगळ्या काठ्या धुंडाळत होता. दुसऱ्या दिवशी एका जागी बसला आणि हाका मारायला लागला. टेट. मग शांतता. टेट. मग शांतता. आणि त्या शांततेत माझ्या स्पीकरवर फुटाणे!

“हे काय?” मॅडम म्हणाल्या. “उत्तर नाही, आवाज नाही, आणि पेशी कशाला बोलतेय?”

“बोलतेय खरी,” इरफान म्हणाला.

“शक्य नाही. वायर होती तेव्हा असलं काही नव्हतं. हर्षदा, तुझं एरियल बाहेरचा कचरा पकडतंय.”

झालं! चार वर्षांची तपश्चर्या आणि शेवटी कचरा. मी हट्टाला पेटले. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद केल्या. फ्रिज बंद केला, तशी शेजारच्या खोलीतले लोक आपली रसायनं घेऊन अंगावर आले. लिफ्ट थांबवली. सगळ्यांचे मोबाइल काढून घेऊन डब्यात घातले. मायक्रोवेव्हपाशी शिपायाला उभं केलं, कुणी चहा गरम करायला आलं तर हाकलून द्यायला. तरी निळा म्हणायचा टेट, आणि शांततेत तडतड. मग निळ्याच्या डोक्यावरची डबी काढली आणि नुसतीच रिकाम्या पिंजऱ्यात ठेवली. तर एकदम चिडीचूप. फुटाणा नाही की काही नाही. म्हणजे कचरा बाहेरून येत नव्हता. जे काही होतं ते पाखराच्या डोक्यातूनच येत होतं.

“मला एक करू दे,” इरफान म्हणाला. त्यानं पिवळी होती त्या दिवसांतली हिरवी रेघ काढली आणि आत्ताची रेघ तिच्यावर ठेवली, निळ्याची हाक हाकेवर जुळवून. आम्ही तिघंही पुढं वाकलो.

पूर्वी पिवळीचं उत्तर जिथं यायचं, नेमक्या तिथंच आता तडतड होत होती. उत्तर नव्हतं. पण उत्तराची जागा होती, आणि निळा ती जागा रिकामी ठेवून बसत होता. ती जागा उलटून गेली, की मगच पुढची हाक मारत होता. मध्ये घाई करून एकदाही नाही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “उत्तर देऊन बघू,” त्या म्हणाल्या. “पिवळीचा आवाज आहे ना आपल्याकडे? त्या जागेवर वाजवा.”

मला ते पटलं नाही, पण का ते तेव्हा कळलं नाही. छोटा स्पीकर पिंजऱ्याला टांगला. निळा म्हणाला टेट, स्पीकर म्हणाला टेट. निळा असा उसळला! स्पीकरभोवती तीन घिरट्या घातल्या, जाळीत चोच घातली. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. अगदी पिवळीचाच आवाज, जिथं हवा तिथंच. पाच-सहा वेळा तसं झालं. मग तो मागं सरला, पार कोपऱ्यातल्या काठीवर गेला, पिसं फुगवून गोळा झाला आणि गप्प बसला. मुकाच झाला. माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधली तडतडही गेली.

“ओळखलं त्यानं,” इरफान म्हणाला. “काढ गं ते. काढ आधी.”

मीच काढला. दुसरा सबंध दिवस निळा बोलला नाही. शनिवारी दुपारी मी डबा उघडून बसले होते, तर मागून आवाज आला. टेट. मग शांतता. आणि तडतड. इतका आनंद मला तार सुटल्याच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. पोळीचा घास हातातच राहिला आणि दादानं सांगितलेली वहिनींची भाकरी आठवली. ‘तुला विचारलं का मी?’

रविवारी सकाळच्याच गाडीनं मी मिरजेला गेले.

आप्पा आयुष्यभर रेल्वेत. लहान लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर म्हणून नोकरी केलेली. घरी पोचले तेव्हा ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते. “आलीस व्हय!” म्हणाले आणि कळशी तशीच ठेवून माझी पिशवी घेतली. वाळले होते, पण डोळे नीट, केस नीट विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. दादा आधीच येऊन बसला होता. दारात त्याची गाडी तोंड फिरवून उभी होती, संध्याकाळी डॉक्टरांकडे निघायला सोपी पडावी म्हणून.

आप्पा दिवस मावळायच्या आत जेवतात. उन्हं उतरायला लागल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी दोडक्याची भाजी केली होती. दादा ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. विचार की, असं त्याचे डोळे म्हणत होते.

“आप्पा,” मी म्हणाले, “एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“आई बोलते ते तुम्हाला ऐकू येतं?”

आप्पांनी घास खाली ठेवला. एकदा दादाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “मला काय येड लागलंय व्हय? ती गेली. खांदा दिलाय मी तिला. ऐकू कशाला येईल?”

“मग थांबता कशाला, आप्पा?” दादाचा बांध फुटला. “मंडईत थांबता, गॅसपाशी थांबता! लोक काय म्हणतात ठाऊक आहे का?”

“लोकांचं काय, लोक गाडी लेट झाली तरी स्टेशनमास्तरालाच शिव्या घालतात,” आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “सुहास, लहानपणी माझ्या स्टेशनात बसायचास. आठवतंय का? पुढच्या स्टेशनाला विचारायचं, गाडी सोडू का? तिकडून लाइन क्लिअर मिळाली की मगच सिग्नल पाडायचा. आता पुढचा मास्तर काय म्हणणार ते मला ठाऊक असायचं. रोज तेच म्हणायचा. म्हणून काय न विचारता गाडी सोडायची?”

दादा मान खाली घालून ताटातलं मीठ बोटानं सारत राहिला.

“चाळीस वर्षं तुझ्या आईला विचारल्याशिवाय मी साधा दोडका आणला नाही. ती काय म्हणेल ते मला तोंडपाठ आहे. पण ते आपणच आधी बोलून टाकायचं नसतं रे. तिला तेवढी जागा द्यायला नको?” आप्पांनी ताट बाजूला सारलं. “ती जागा पण तुम्ही बुजवायला लागला तर मी जाऊ कुठं?”

कुणी जेवेना. बाहेर रेल्वे लाइनीवरनं एक मालगाडी लांबलचक खडखडत गेली. ती जाईपर्यंत आप्पा सवयीनं थांबले. मग तोंड पुसलं, स्वयंपाकघराच्या ओट्याकडं, आई जिथं पाठमोरी उभी असायची तिकडं वळले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, “अगं, हर्षी आलीय. तिचं ते पाखरू खरंच उडतंय म्हणं, तारेशिवाय.”

आणि थांबले.

दादानं तोंड उघडलं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. थांब.

ते थांबणं मी फोनवर ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. आप्पांची मान जराशी कलती झाली होती आणि चेहरा असा ताजा, की समोरून कुणी बोलत असल्याशिवाय तसा होत नाही. मला तिथं काही ऐकू येत नव्हतं. पण त्या शांततेला माप होतं. आईच्या बोलण्याएवढंच माप. आणि वर्षभर ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला दटावत होते ती अशी उसळून वर आली, की मला दोन्ही हातांनी पाट धरायला लागला. मला आई हवी होती. बाकी काही नको, तिनं एकदा दाराला टेकून मला काहीतरी विचारायला हवं होतं.

आप्पा माझ्याकडे वळले. “विचारतीय, डोक्यात ते बसवताना दुखलं का त्याला.”

हे मी आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. काचेपाशी आईनं विचारलेलं, मी घाईत उडवून लावलेलं. आईनं सांगितलं असेल तर न कळे. पण दुसरं ती विचारणार तरी काय होती?

“थोडं दुखलं, आई,” मी ओट्याकडे बघून म्हणाले. “भूल दिली होती. पण नंतर दोन दिवस मान खाली घालून बसला होता.”

आप्पा थांबले. मग म्हणाले, “आता खातोय का नीट, म्हणतीय.”

“खातोय. पण आई, त्याची जोडीण आम्ही काढून घेतलीय. मुद्दाम. तो हाक मारतो आणि थांबतो. रोज. थांबतोच.”

या वेळची शांतता फार लांबली. आप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला. खिडकीतलं ऊन ओट्यावरनं सरकून भिंतीवर गेलं.

“काय म्हणाली?”

हे मी नाही विचारलं. दादानं विचारलं. बँकेतला, एक दिवसाआड येणारा, गाडीचं तोंड फिरवून ठेवणारा माझा दादा, पुढं वाकून, डोळे पाण्यानं भरलेले.

आप्पांनी मान हलवली. “काही बोलंना. रुसलीय तुझ्या बहिणीवर.”

आणि मी रडत रडत हसायला लागले, कारण आई अश्शीच रुसायची. भांडायची नाही, ओरडायची नाही. नुसती गप्प होऊन भांडी घासत राहायची, आपण जाऊन पदर धरेपर्यंत. दादाही हसत होता आणि नाक पुसत होता. आप्पा आमच्याकडे बघून म्हणाले, “हसताय काय? मिटवा ते. मला घरात अबोला चालत नाही.”

त्या संध्याकाळी गाडी डॉक्टरांकडे गेली नाही. दादानं त्यांना फोन करून सांगितलं, की अजून तशी गरज वाटत नाही, वाटली तर येऊ. मग आप्पांसमोर उभा राहून म्हणाला, “आप्पा, एक ऐका. आईला काय विचारायचं ते खुशाल विचारा. पण आधी गॅस बंद करायचा, मग विचारायचं.”

“तीही तेच म्हणत होती,” आप्पा म्हणाले.

सोमवारी मी स्टेशनवरनं थेट प्रयोगशाळेत गेले. मॅडमना म्हणाले, पिवळीला परत आणू या.

“अजून आठवडा बाकी आहे, हर्षदा. तुला कारण द्यावं लागेल.”

माझ्यापाशी शास्त्रीय कारण नव्हतं. “माझी आई रुसलीय,” मी म्हणाले.

आईच्या दिवसांना मॅडम मिरजेपर्यंत आल्या होत्या. त्यांनी हातातली वही मिटली. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती, मला ठाऊक नाही. आम्ही कधी विचारलं नव्हतं. “चल,” त्या उठत म्हणाल्या, “मी पण येते वर.”

पिवळीला इरफाननं झाकलेल्या पिंजऱ्यातनं आणलं. अजून खोलीच्या दारातच होता तो. निळा आपल्या काठीवर होता. टेट, तो म्हणाला आणि थांबला. आणि कापडाच्या आतून, दिसत नसताना, नेमक्या त्या जागेवर उत्तर आलं. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. त्या वर्षातलं दुसरं हसू त्यांनी तेव्हा खर्च केलं.

त्या रात्री घरी फोन केला तेव्हा आप्पांनी ‘हॅलो’ न म्हणताच सांगितलं, “मिटलं गं. बोलायला लागली.”

पुढं आप्पा सात वर्षं होते. मंडईतल्या बायकांना हळूहळू सवय झाली. मास्तर विचारतायत, थांबा जरा, असं त्याच गिऱ्हाइकांना सांगायच्या. आता आप्पाही नाहीत, आणि तिकडून काय म्हणतायत ते मला वळून सांगणारं कुणी राहिलं नाही. तारेशिवाय पोचतं कसं, हे मला विचारू नका. सगळा जन्म एरियल बनवण्यात गेला, तरी मला ठाऊक नाही.

पण पुण्यात माझ्या घराखाली भाजीची गाडी लागते. कवळा दोडका दिसला की मी हातात घेते. मनातल्या मनात नाही, तोंडानं म्हणते, “घेऊ का गं? आप्पा, घेऊ का?”

“ताई, घ्यायचाय का नाही?” भाजीवाला विचारतो. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात.

“घेते रे बाबा,” मी म्हणते. “जरा थांब.”